बोर्डिंग आणि पंगत : कोल्हापुरातील विद्यार्थी-वसतिगृहांच्या इतिहासातील एक प्रकरण

कोल्हापुरात विद्यार्थ्यांच्या निवासस्थानास पाटीवर ‘वसतिगृह’ म्हटलेले असले, तरी बोलण्यात शब्द एकच आहे : बोर्डिंग. इंग्रजीत या शब्दाचा मूळ रोख निवासाकडे नसून जेवणाकडे आहे. ‘बोर्ड’ म्हणजे फळी, मग जेवणाचे मेज आणि पुढे त्या मेजावर मिळणारे अन्न. मराठीने हा शब्द घेतला तो राहण्याच्या जागेचे नाव म्हणून. जेवणाचा अर्थ मागे पडला. परंतु कोल्हापूरच्या बोर्डिंगांचा इतिहास पाहू गेल्यास मागे पडलेला तो अर्थच खरा ठरतो. कोण कोठे राहतो यापेक्षा कोण कोणाच्या पंक्तीस बसतो, हाच तेथील मूळ प्रश्न होता.

शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, राजाराम महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होते; कोणासही मज्जाव करणारा नियम नव्हता. तरीही चार-पाच वर्षांच्या आत ते केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. इतर जातींतून महाविद्यालयापर्यंत पोहोचणारे विद्यार्थी त्या काळी थोडे होते, हे कारण खरेच आहे. पण ते पुरेसे नाही. थोडे का होईना, जे होते तेही तेथे टिकले नाहीत. स्वयंपाकघर, पाणी आणि पंगत यांची व्यवस्था ज्यांच्या हाती, त्यांच्या आचारानुसारच वास्तूचा आचार ठरतो. मग प्रवेशाच्या नियमात काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

याच सुमारास, १८९९ पासून, वेदोक्त प्रकरण पेटले होते. खुद्द छत्रपतींस वेदोक्त विधींचा अधिकार आहे की नाही, हा वाद राजवाड्याच्या देवघरात शिरला होता. राजाची ही अवस्था, तर खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या मुलाची भोजनगृहात काय अवस्था असेल, याचा तर्क महाराजांना करावा लागला नसावा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी आदी समाजांची बोर्डिंगे त्यामागून उभी राहिली. दसरा चौकात व त्याच्या आसपास फिरताना या संस्थांच्या वास्तू आजही भेटतात. संस्थानाने जागा द्यावी, उत्पन्न लावून द्यावे आणि कारभार त्या त्या समाजाने पाहावा, असा सर्वसाधारण क्रम होता. १९०२ च्या जुलैमध्ये संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा जो हुकूम निघाला, तो या बोर्डिंगांवाचून कागदावरच राहिला असता, कारण जागा भरण्यास शिकलेली माणसे हवी होती.

या नावांकडे भाषेच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम ही सर्व नावे समाजाची ओळख उघड सांगतात. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी जे बोर्डिंग उघडले, त्याचे नाव मात्र ‘मिस क्लार्क बोर्डिंग’. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्यास दिले गेले. गव्हर्नरांच्या घराण्याचे नाव दाराशी असणे हे त्या काळात संरक्षणही होते. पण ज्या समाजाचे नाव उच्चारणेच अवमान समजले जाई, त्याचे नाव पाटीवर येऊ नये, हेही त्यातून साधले गेले.

जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जातिभेद अधिक बळकट केला, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला व पुढेही घेतला जातो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण आक्षेप घेणारे १८९६ चा प्रयोग विसरतात. सर्वांसाठी एक घर काढून पाहिले होते आणि ते एकाचेच झाले होते. दारे बंद झाल्यावर आपले स्वतंत्र घर बांधणे हा वंचितांचा जगभरचा मार्ग आहे. मुस्लिम बोर्डिंगची पायाभरणी करणारी संस्था ज्या वर्षी कोल्हापुरात निघाली, त्याच १९०६ च्या डिसेंबरात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हे विद्यार्थिमंडळ स्थापन केले. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी अशी ‘बंधुमंडळे’ तेथील विद्यार्थिजीवनाचा कणा होती. एकत्र राहणे, एकत्र जेवणे आणि पुढे आयुष्यभर एकमेकांस हात देणे हे त्यांचे स्वरूप. त्यांतील अनेकांच्या घटनेत सभासद गौरवर्णीयच असावा असे कलम होते. ‘बंधुत्व’ या शब्दाची व्याप्ती कातडीच्या रंगापाशी संपत होती. ती कलमे दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू निघाली, तीही सुखासुखी नव्हे. १९४८ साली ॲम्हर्स्ट महाविद्यालयातील ‘फाय काप्पा साय’च्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास आपल्यात घेतले, तेव्हा मध्यवर्ती संघटनेने त्या शाखेचीच मान्यता काढली.

दुसऱ्यास आत घेणाराच बाहेर काढला जातो, हा न्याय कोल्हापुरास नवा नव्हता. त्याचे उदाहरण चाळीस वर्षे आधी येथे घडलेले होते.

कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील राजाराम हायस्कुलात शिकत असताना जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटन-समारंभास ते गेले. परत आल्यावर, स्नान करून मगच जेवणास यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी त्यांची सोय आपल्याकडे केली, असे चरित्रकार सांगतात. बोर्डिंगची व्यवस्था पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे हे कोणी कर्मठ शास्त्री नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यात ते अग्रभागी होते. महाराजांचे इंग्रजी चरित्र पुढे त्यांनीच लिहिले. म्हणजे सुधारकाने सुधारणेच्या घरातून एका मुलास काढले, आणि तेही सुधारणेच्याच एका समारंभास गेल्याबद्दल.

मागणी किती लहान होती हे लक्षात घेतले पाहिजे. समारंभास जाऊ नकोस असे कोणी म्हटले नाही, क्षमा मागण्यासही सांगितले नाही. चार तांबे पाणी अंगावर घेतले की प्रकरण मिटत होते, आणि बहुतेक मुलांनी ते घेतलेही असते. मराठी भाषाही या व्यवहारात तटस्थ नाही. ‘विटाळ केला’ या प्रयोगात कर्ता असतो व तो नेहमी खालच्या पायरीवरचा असतो. दूर सारणारा मात्र वाक्यात दिसतच नाही. तो म्हणतो, ‘आमच्यात चालत नाही.’ न चालण्याची ही क्रिया कोण करतो, हे व्याकरणातून शोधून काढता येत नाही. भाऊरावांनी स्नान नाकारले तेव्हा त्या वाक्याला कर्ता द्यावा लागला, कोणाला तरी ‘मी तुला काढतो’ असे करून दाखवावे लागले.

शिक्षणाने हा प्रश्न आपोआप सुटतो अशी समजूत असणाऱ्यांनी मुंबईच्या सिडनॅम कॉलेजातील १९१८ नंतरची हकीकत आठवावी. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करून आलेले डॉ. आंबेडकर तेथे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता.

भाऊराव व लठ्ठे यांच्या संबंधाचा शेवट त्या जेवणघराशी झाला नाही. १९१४ मध्ये कोल्हापुरातील राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले व संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. ज्याने पंक्तीतून उठविले त्याच्यासाठी हे सोसण्यामागे काय होते, याचे उत्तर सहानुभूतीपेक्षा सत्यनिष्ठेत शोधणे अधिक योग्य होईल.

१९१९ मध्ये काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण असा भेद न करता मुले घेतली गेली; ती स्वतः राबत, स्वतः स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस बसत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही त्या स्वयंपाकघरासाठी दिले. १८९६ च्या वसतिगृहातही प्रवेश सर्वांस होता. साताऱ्यात त्याखेरीज चूल सर्वांची होती, एवढाच फरक.

१९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव ठेवले गेले ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’. ज्यांनी जातवार बोर्डिंगे काढली त्यांचेच नाव जात न विचारणाऱ्या बोर्डिंगास दिले गेले, आणि ते देण्याचा आग्रह अशा माणसाचा होता, ज्याला त्या जातवार बोर्डिंगांपैकीच एकाने बाहेर काढले होते.