हास्यचित्रातला लेफ्टनंट आणि आपला सुभेदार

मॉर्ट वॉकर या अमेरिकन चित्रकाराची 'बीटल बेली' ही विनोदी चित्रमालिका ४ सप्टेंबर १९५० पासून वृत्तपत्रांत येऊ लागली. बीटल आरंभी महाविद्यालयीन विद्यार्थी होता. १९५१ मध्ये, कोरियाचे युद्ध चालू असताना, तो सैन्यात गेला आणि साधा शिपाईच राहिला. त्याला बदडून काढणारा सार्जंट स्नॉर्केल, हुद्द्याचा तोरा मिरवणारा कोवळा लेफ्टनंट फझ आणि वरिष्ठांच्या पत्राची वाट पाहत बसलेला म्हातारा जनरल हाफट्रॅक अशी ही मंडळी. खालच्याने वरच्याची टर उडवायची, हे या विनोदाचे सूत्र. तेही सैन्याच्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या वृत्तपत्राला मानवले नाही. १९५४ मध्ये त्याच्या टोकियो आवृत्तीने मालिका बंद केली. अधिकाऱ्यांचा मान जाईल, ही भीती.

पण या विनोदी छावणीत एक गोष्ट वीस वर्षे कोणाला खटकली नाही. सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला होता. तरी या छावणीतल्या प्रमुख पात्रांत एकही काळा माणूस नव्हता. १९७० मध्ये लेफ्टनंट जॅक फ्लॅप आला. दक्षिणेतल्या काही वृत्तपत्रांनी मालिका बंद केली. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स'नेही वांशिक तणावाचे कारण देऊन ती नाकारली. वॉकरने त्याला स्वयंपाकी केले असते तर एवढा गहजब झाला असता काय? मला तसे वाटत नाही. तो लेफ्टनंट होता. म्हणजे गोऱ्या शिपायाने त्याला सलाम ठोकायचा होता. लोकांना बोचला तो हा सलाम.

आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर ही हिंदी सैनिकांची उतरंड. सुभेदारही कालपरवा आलेल्या इंग्रज लेफ्टनंटच्या खालीच. सैन्य साम्राज्याचे होते, हे विसरून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या बाहीवर किंवा खांद्यावर हुद्द्याचे चिन्ह चढत होते. छावणीच्या शाळेत त्याची मुलेमुली शिकत होती. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म तिथलाच, १४ एप्रिल १८९१ चा. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर याच परंपरेतले.

१८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली. 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करण्यात आला. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांचे नातू एका हुकुमाने लढाऊ नाहीसे झाले! भरती थांबली की वीस-पंचवीस वर्षांत सुभेदारही संपतात. माणूस न मारता हुद्दा मारण्याची ही रीत.

मी निफाडला शिकवतो. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी याच गावी झाला. त्यांच्या १०१ व्या जयंतीला, १९४३ मध्ये, पुण्यात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी एक आठवण सांगितली. वडिलांच्या जुन्या कागदांत त्यांना या बंदीविरुद्धचा महार अंमलदारांचा अर्ज सापडला होता; चौकशी करता तो रानड्यांनी लिहून दिल्याचे त्यांना कळले. बंदी मात्र उठली नाही. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. १९१७ मध्ये युद्धाची गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट बेळगावला १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिली, तेव्हाही युद्ध चालूच होते.

आमच्या पणजोबांच्या घराच्या चौकटीवर आजही 'हवालदार' अशी अक्षरे आहेत. लहानपणी मित्र त्यावर हसत; तमाशातला हवालदार त्यांना ठाऊक होता. मीही हसत असे. त्या अक्षरांमागे तीन पिढ्यांचे अर्ज आहेत, हे मला पुस्तकांतून फार उशिरा कळले.

हुद्द्यावर हसावे, जरूर हसावे. परंतु ज्याला हुद्दा सहज मिळाला त्याचे हसणे आणि ज्याला तो अर्ज करकरून मिळवावा लागला त्याचे हसणे एक नव्हे. बीटल आयुष्यभर शिपाई राहिला, तो आळसामुळे. आपली माणसे शिपाईही होऊ शकली नाहीत, ती हुकुमामुळे. विद्यार्थ्यांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा, आणि घरातले जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचावेत.