गाडीच्या मागे लपवलेला विंच: बसवण्याआधी काय माहीत हवं?

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडी चिखलात रुतली की पुढे बसवलेला विंच कामाला येतो. पण तो गाडीला पुढेच ओढतो. पुढे आणखी खोल चिखल असेल तर? अशा वेळी सुरक्षित वाट एकच असते, जिथून आलो तीच. म्हणूनच काही ऑफ-रोडिंग करणारे मागे दुसरा विंच बसवतात, तोही बंपरच्या आड, बाहेरून न दिसणारा.

तो दिसायला छान वाटतो, पण बसवताना चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. ही जोडणी नेमकी कशी असते आणि ती करताना काय पाहायचं, ते समजून घेऊया.

विंच म्हणजे काय?

विहिरीवरचा रहाट आठवा. विंचही तसाच. एका ड्रमवर दोर गुंडाळलेला असतो आणि तो ड्रम विजेची मोटर गिअरच्या मदतीने फिरवते. दोराचं टोक झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला बांधलं की गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते.

किती ताकदीचा घ्यायचा?

साधा नियम असा: सामान आणि माणसांसह गाडीचं जे वजन, त्याच्या किमान दीडपट. भरलेली गाडी 2,200 किलोची असेल तर 3,300 किलो, म्हणजे सुमारे 7,300 पौंड. विंचची क्षमता बहुतेक वेळा पौंडांत लिहिलेली असते. अशा गाडीला 8,000 किंवा 9,500 पौंडांचा विंच चालतो.

यात एक मेख आहे. खोक्यावर छापलेली ताकद ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना मिळते. थर वाढतील तशी ती कमी होत जाते. जवळच्या झाडाला दोर बांधला तर ड्रमवर बरेच थर शिल्लक राहतात आणि ओढ कमी पडते. अशा वेळी मध्ये एक कप्पी लावून दोर दुमडून घेतला तर ओढ जवळपास दुप्पट होते, वेग मात्र निम्मा होतो.

लपवायचा कुठे?

सहसा मागच्या बंपरच्या आत, चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एनची स्टेपनी मात्र गाडीखाली असते. तिथे आधी तिचीच जागा बदलावी लागते.

जागा ठरवताना पाच गोष्टी तपासा:

- विंच बंपरच्या खाली लोंबकळत असेल तर चढावर गाडीचा मागचा भाग लवकर जमिनीला घासतो.
- सायलेन्सरची उष्णता दोरापर्यंत पोहोचायला नको.
- ड्रम मोकळा करणाऱ्या खटक्यापर्यंत हात पोहोचायला हवा. गाडी चिखलात बसलेली असतानाही.
- दोर ड्रमवर कसा गुंडाळला जातोय ते दिसायला हवं. एका बाजूला ढीग झाला तर दोर अडकतो.
- चिखल आणि पाणी साचू नये म्हणून खाली निचऱ्याची भोकं हवीत.

म्हणजे विंच बाहेरून झाकलेला असला तरी वापरणाऱ्याला तो सहज हाताळता यायला हवा.

खरा भार कोण पेलतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. विंच कितीही ताकदवान असला तरी तो ज्याला बोल्ट केलाय ते तेवढंच मजबूत हवं. कंपनीचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा बंपर हा भार पेलू शकत नाही. विंच जाड लोखंडी प्लेटवर बसवावा आणि ती प्लेट चासीच्या दोन्ही पट्ट्यांना जोडावी. भार एकाच बाजूला गेला तर चासी पिळवटू शकते.

बोल्ट 8.8 किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे असावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. जागा करण्यासाठी चासीचा आडवा दांडा कापू देऊ नका. चासीला वेल्डिंग करण्यापेक्षा बोल्टने जोडलेली चौकट बरी. दोर ज्या तोंडातून बाहेर येतो ती चौकटही त्याच प्लेटला जोडलेली हवी.

वायरिंगमध्ये गडबड कुठे होते?

बॅटरी बहुतेक गाड्यांत पुढे असते आणि हा विंच मागे. पूर्ण भारावर 9,500 पौंडांचा विंच 400 अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. जाण्या-येण्याची मिळून 10 मीटर तांब्याची केबल धरली तर 35 चौरस मिलिमीटर जाडीच्या केबलमध्ये जवळपास 2 व्होल्ट वाया जातात. 70 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये सुमारे 1 व्होल्ट. मुळात 12 व्होल्टच असताना हा फरक मोठा आहे. बारीक केबल तापते आणि आग लागू शकते.

म्हणून केबल जाड घ्या आणि निगेटिव्ह केबलही थेट बॅटरीपर्यंत न्या. बॅटरीजवळ पुरवठा तोडणारा स्विच आणि योग्य क्षमतेचं सर्किट ब्रेकर बसवा. केबलवर संरक्षक नळी चढवा आणि ती धारदार कडा व सायलेन्सरपासून लांबून न्या. विंच वापरताना इंजिन चालू ठेवा.

दोर कोणता?

स्टीलचा दोर घासण्याला आणि उष्णतेला चांगला टिकतो, पण जड असतो आणि तुटला तर चाबकासारखा उसळतो. सिंथेटिक दोर हलका असतो आणि तुटल्यावर त्याचा फटका कमी असतो. मात्र ऊन, चिखलातली वाळू आणि धारदार कडा यांनी तो झिजतो. मागची चाकं चिखल उडवतात, त्यामुळे त्याला झाकण हवंच.

नवा दोर वापरण्याआधी जवळपास पूर्ण सोडून, गाडीचा थोडा भार देत पुन्हा गुंडाळून घ्या. ड्रमवर स्टीलच्या दोराचे किमान पाच आणि सिंथेटिकचे दहा वेढे नेहमी राहू द्या. झाडाला दोर थेट बांधू नका, रुंद पट्टा वापरा. हातमोजे घाला, दोरावर जड कापड टाका आणि ताणलेल्या दोराच्या जवळपास कुणालाही उभं राहू देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 मधल्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विंच आणि त्याच्या चौकटीमुळे वजन वाढतं, बंपरही बदलावा लागू शकतो. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंबरप्लेट, तिचा दिवा आणि मागचे रिफ्लेक्टर झाकले जाता कामा नयेत.

मग बसवावा का?

तुम्ही नेहमी दोन-तीन गाड्यांसोबत जात असाल तर चांगला रिकव्हरी दोर आणि मजबूत हुक यावर बहुतेक वेळा काम भागतं. एकट्याने आडवाटेला जाणाऱ्यांना मागचा विंच खरा उपयोगी. तेव्हा गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विंच दिसेल का हा विचारू नका. तो चासीला कुठे आणि कसा जोडणार, हे आधी विचारा.