खडकी-दौंड: बिनतारी शक्तीच्या वाटणीची गोष्ट

बीडच्या आष्टी तालुक्यातून पश्चिमेस निघून कर्जत-श्रीगोंदा ओलांडले, की भीमाकाठी दौंड लागते. रेल्वेचे जंक्शन म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२७ साली सुरू झालेल्या ‘बीम’ सेवेत इंग्लंडहून निघालेला बिनतारी संदेश हिंदुस्थानात टिपला जाई तो येथेच. उलट दिशेचा संदेश पुण्याजवळच्या खडकीहून सुटे. दोन्ही केंद्रांत एवढे अंतर मुद्दाम राखले होते. शेजारीच बलाढ्य प्रक्षेपक गर्जत असता हजारो मैलांवरून आलेली क्षीण लहर कशी ऐकू यावी?

त्याआधीचा बेत निराळा होता. १९२० साली नॉर्मन समितीने सुचवलेल्या साखळीत सुमारे दोन-दोन हजार मैलांवर ठाणी उभारायची होती आणि पुणे त्यांपैकी एक होते. डाकचौकीवर घोडा बदलावा, तसे प्रत्येक ठाण्याने संदेश घेऊन त्यात नवी शक्ती घालून तो पुढे धाडायचा. अडचण अशी, की त्या काळच्या लांब लहरी चहूदिशांना पसरत. निरोप एकाला द्यायचा आणि शक्ती उधळायची साऱ्या आसमंतात!

मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी हा हिशोबच पालटला. त्यांनी लघुलहरी निवडल्या: दिवसा सुमारे १६ मीटरच्या, रात्री सुमारे ३४ मीटरच्या. उंच खांबांवर उभ्या तारांचा पडदा टांगला आणि त्याच्या मागे परावर्तक तारांचा दुसरा. माझ्या मते खरी करामत मात्र या पडद्यांना शक्ती पोहोचवणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत होती. एका नळीच्या दोन, दोनाच्या चार अशा शाखा फुटत आणि प्रत्येक शाखेची लांबी सारखी असे. त्यामुळे प्रत्येक तारेस समान वाटा, तोही एकाच क्षणी मिळे. साऱ्या तारा एका तालात थरथरल्या, की लहरी एकाच दिशेस एकवटत. वाटेतले ठाणे आकाशानेच चालवले. वातावरणातील विद्युतभारित थर लहरींना पुन्हा भूमीकडे वळवी आणि त्यासाठी कोणाचा कोळसा जळत नसे.

मधली ठाणी अनावश्यक ठरली, पण साम्राज्याची पकड सैल झाली नाही. खडकीचा झोत वायव्येस, थेट इंग्लंडकडे रोखलेला होता. बीड तर परावर्तकाच्या पाठीशी पडले! दख्खनच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या या यंत्रणेची शक्ती दख्खनसाठी नव्हतीच.

बीम सेवा इतकी स्वस्त पडली, की समुद्रतळाच्या तारांचा धंदा डळमळला. तेव्हा तोट्यातल्या केबल-कंपन्यांना सावरण्यासाठी दोन्ही व्यवसाय एकत्र आणण्यात आले. हिंदुस्थानात १९३२ साली ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ ही कंपनी त्यातूनच जन्मली. १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने हा कारभार आपल्या हाती घेतला. बीड तेव्हा निजामाच्याच राज्यात होते.