अंधाराचा दूत



सातपुड्याच्या कुशींत, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगांव तालुक्यांत बिलगांव नांवाचें आदिवासी गांव आहे. २००३ सालीं तेथील धबधब्याच्या बळावर गांवकऱ्यांनीं श्रमदानानें व केरळांतील अभियंत्यांच्या साह्यानें लहानसें वीजघर उभारलें आणि घरोघर दिवे लागले. पुढें सरदार सरोवराच्या पाण्यानें तें गिळलें. प्रकाशासाठीं माणूस किती झटतो, याची ही साक्ष होय. आज बोलावयाचें आहे तें मात्र अंधाराविषयीं. त्याचें मोल आपणांस फार उशिरां कळलें.

मेंदूच्या मध्यभागीं पिनियल नांवाची इवलीशी ग्रंथि आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें १६४९ सालीं तेथें आत्म्याचें आसन कल्पिलें. १९१७ सालीं मॅककॉर्ड व ॲलन यांनीं या ग्रंथीचा अर्क बेडकांच्या पिलांना दिला, तों त्यांची कातडी फिकी पडली! हाच धागा धरून, कोडासारख्या विकारांवर उपाय सांपडेल या आशेनें, येल विद्यापीठांतील आरन लर्नर यांनीं १९५८ सालीं गुरांच्या ग्रंथींतून तें द्रव्य वेगळें काढलें व त्यास मेलॅटोनिन हें नांव दिलें. शोधावयास गेले कातडीचें औषध, हातीं लागला रात्रीचा निरोप्या! कारण हें द्रव्य अंधारांत स्रवतें. प्रखर प्रकाशानें माणसांतही तें दबतें, हें १९८० सालीं दिसून आलें.

आतां पेशीकडे वळूं. तिच्यांतील सूक्ष्म कणांना १८९८ सालीं जर्मन शास्त्रज्ञ बेंडा यानें मायटोकाँड्रिया हें नांव दिलें. ह्या जणूं पेशीच्या चुली. अन्न व प्राणवायु यांतून त्या शक्ति निर्माण करितात. पण चूल म्हटली कीं धूर आलाच. प्राणवायूचे कांहीं उच्छृंखल कण पेशीलाच डागतात. अशा कणांना मेलॅटोनिन निष्प्रभ करितें, असें १९९३ सालीं प्रयोगशाळेंत आढळलें. २०१७ सालीं तर उंदरांच्या मेंदूंतील मायटोकाँड्रिया स्वतःच हें द्रव्य तयार करितात, असें निदर्शनास आलें.

परंतु प्रयोगनलिकेपासून माणसापर्यंतची वाट लांब असते. या गोळ्यांस कोणी संजीवनी म्हणूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. वैद्याच्या सल्ल्यावांचून त्या घेऊं नयेत.

मग अंधार बरा म्हणून बिलगांवच्या मुलांनीं दिव्यावांचून राहावें काय? मुळींच नाहीं. त्यांना अभ्यासापुरता दिवा मिळालाच पाहिजे. आपण शहरवासीयांनीं मात्र निजण्याच्या वेळीं तो मालवावयास शिकलें पाहिजे. तिकडे उणीव आहे ती उजेडाची, इकडे काळोखाची. आणि देहाला हवीं असतात दोन्ही.