धावपट्टी, खाडी आणि शर्यतीचा मार्ग

१/ भारतात मोटार शर्यती रुजल्या त्या खास बांधलेल्या मार्गांवर नव्हे, तर विमानांच्या धावपट्ट्यांवर. कोलकात्याजवळचे बराकपूर, मद्रासजवळचे शोलावरम आणि मुंबईतील जुहू ही त्यांची जुनी केंद्रे. ब्रिटनचे सिल्व्हरस्टोनही मूळचे युद्धकालीन विमानतळच. तेथे १९४८ पासून शर्यती होऊ लागल्या.

२/ पक्की, मोकळी जागा आयती मिळे. परंतु धावपट्टी असते सरळ. तिच्या टोकाचे वळण तीव्र. कमावलेला वेग तेथे क्षणात सोडावा लागे. ब्रेक तापत, काँक्रीटच्या सांध्यांवर चाके उसळत.

३/ पुढे १९९० मध्ये मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथे स्वतंत्र मार्ग झाले. मग मुंबईच्या पल्याड, न्हावा शेव्याच्या बाजूला तसा मार्ग का नाही?

४/ पहिले उत्तर मातीत आहे. हा मुलूख खाडीचा आणि मिठागरांचा. येथील मऊ चिकणमातीवर भार पडला की तिच्यातील पाणी सावकाश निघते आणि जमीन वर्षानुवर्षे, तीही असमान, खचत राहते. फॉर्म्युला गाडीचा तळ मात्र रस्त्यापासून जेमतेम काही सेंटीमीटर वर असतो. त्यामुळे आधी उभ्या निचरापट्ट्या घालून, भरावाचे ओझे ठेवून माती दाबावी लागते. शेजारच्या नव्या विमानतळासाठी तर उलव्याची टेकडी कापावी आणि नदी वळवावी लागली.

५/ दुसरे उत्तर माणसांत आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात, जासई परिसरात, गोळीबार होऊन ५ जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. अशा भूमीत शर्यतीसाठी शेकडो एकर मागणे सोपे नाही. त्यातून ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वन अवघ्या ३ वर्षांत, २०१३ मध्ये, थांबली.

६/ म्हणूनच २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी जी शर्यत जाहीर झाली, ती पाम बीच परिसरातील रस्त्यांवरची. तेथे जमीन घ्यावी लागत नाही; पण गतिरोधक काढणे, गटारांची झाकणे पक्की बसवणे, दुतर्फा काँक्रीटचे कठडे व जाळ्या उभारणे, आणि शर्यत संपताच रस्ता नागरिकांना परत देणे भाग असते.

७/ जुहूची धावपट्टी विमानांकडून उसनी घेतलेली होती. हा रस्ता नागरिकांकडून. उसनवारीची ही परंपरा मोडायची, तर आधी येथल्या मातीचा आणि येथल्या माणसांचा हिशेब चुकता करावा लागेल.