स्वर, व्यंजन आणि परवलीचा शब्द

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर 'पीडब्ल्यूजेन' एवढीच आज्ञा टंकून एंटरची कळ दाबली, की आठ-आठ वर्णांचे १६० शब्द समोर उभे राहतात. वीस ओळी, प्रत्येक ओळीत आठ शब्द. मधूनच एखादे मोठ्या लिपीतले रोमन अक्षर, एखादा आकडा. हे शब्द कोणत्याही भाषेतले नसतात, त्यांना अर्थ नसतो, आणि तरीही ते वाचता येतात. 'शूगाइ', 'थेकोह' अशा थाटाचे काहीतरी जिभेवर येते आणि दुसऱ्या वाचनात बऱ्यापैकी लक्षातही राहते. संगणकवाल्यांच्या दृष्टीने हे परवलीचे शब्द पाडणारे एक किरकोळ साधन आहे. आमच्या दृष्टीने त्यात साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे काही आहे, कारण ज्या निरीक्षणावर हे साधन उभे आहे त्याचा एक पूर्वज थेट पुश्किनच्या कवितेत सापडतो.

२३ जानेवारी १९१३ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढे आंद्रेय मार्कोव या गणितज्ञाने एक निबंध वाचला. त्याने 'येव्गेनी अनेगिन'मधले पहिले २०,००० वर्ण (पहिले प्रकरण पूर्ण आणि दुसऱ्यातील सोळा कडवी) हाताने मोजले होते. रशियन लिपीतली मृदू आणि कठोर चिन्हे वगळली, विरामचिन्हे वगळली, आणि उरलेल्या अखंड माळेत फक्त एवढेच पाहिले की कोणता वर्ण स्वर आणि कोणता व्यंजन. स्वर निघाले ८,६३८, व्यंजने ११,३६२. म्हणजे डोळे मिटून कुठेही बोट ठेवले तर ते स्वरावर पडण्याची शक्यता साधारण ४३ टक्के. परंतु आधीचा वर्ण स्वर आहे हे ठाऊक असेल, तर पुढचाही स्वर असण्याची शक्यता १३ टक्क्यांवर घसरते. आधीचा व्यंजन असेल तर ती ६६ टक्क्यांवर चढते. कवितेतल्या प्रत्येक वर्णाला आपल्या शेजाऱ्याची आठवण असते, हे त्या मोजणीने आकड्यांत दाखवले.

मार्कोवला पुश्किनच्या शैलीशी काही देणेघेणे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पावेल नेक्रासोव नावाच्या गणितज्ञाशी त्याचा जुना वाद होता. सरासरी स्थिरावण्यासाठी घटना परस्परांपासून स्वतंत्र असाव्याच लागतात, असे नेक्रासोवचे म्हणणे. आणि त्यावरून तो मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत उडी मारत असे. परस्परावलंबी घटनांचीही सरासरी स्थिरावते, हे मार्कोवने १९०६ मध्येच सिद्ध केले होते. त्याचे प्रत्यक्ष उदाहरण म्हणून त्याने अनेगिन घेतले. माणूस मोठा तिरकस. चर्चने टॉलस्टॉयला बहिष्कृत केले होते, तर याने १९१२ मध्ये मलाही काढून टाका असा अर्ज केला. १९१३ मध्ये रोमानोव घराण्याची त्रिशताब्दी साजरी होत असताना याने बर्नुलीच्या मोठ्या संख्यांच्या नियमाची द्विशताब्दी साजरी करवली. असो.

मार्कोवने मोजले, ते उलट्या दिशेने चालवून पाहिले क्लॉड शॅननने. १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने इंग्रजीची कृत्रिम नक्कल पायरीपायरीने तयार केली. आधी सगळे वर्ण समान शक्यतेने निवडले, मग प्रत्येकाच्या वापराच्या प्रमाणात, मग आधीचा एक वर्ण लक्षात घेऊन, मग दोन. त्याची युक्ती घरगुती होती: पुस्तक कुठेही उघडावे, एक वर्ण टिपावा, दुसरे पान उघडून तो वर्ण भेटेपर्यंत वाचावे आणि त्याच्या पुढचा टिपावा, असेच चालू ठेवावे. दोन वर्णांची आठवण ठेवणाऱ्या पायरीवर निघालेले शब्द इंग्रजी नाहीत, पण ते उच्चारता येतात. अर्थाच्या पुष्कळ आधी भाषेचा एक सांगाडा असतो, आणि तो अगदी थोड्या स्मरणावर उभा राहतो.

आता परवलीच्या शब्दाकडे येऊ. एमआयटीतील सीटीएसएस या यंत्रणेत एका संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा प्रत्येकाच्या कामाला कुलूप म्हणून परवलीचा शब्द आला. १९६२ मध्येच अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने ती सगळी यादी छापून घेतली. त्याला यंत्रावर जास्त वेळ हवा होता. पण खरी अडचण चोरीपेक्षा निवडीची होती. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ परवलीचे शब्द तपासले आहेत. पंधरा जणांनी एकच वर्ण ठेवला होता, ४६४ जणांनी तीन, आणि ४९२ शब्द कोशांतून वा नावांच्या यादीतून सहज सापडले. एकूण ८६ टक्के शब्द शोधता येण्याजोगे निघाले.

मग यंत्रानेच शब्द द्यावा, हा उपाय उघड होता. परंतु यंत्राने दिलेली निव्वळ यादृच्छिक माळ कोणाला पाठ होत नाही. ती कागदावर उतरते आणि कागद टेबलावर पडून राहतो. या पेचावर मायटर संस्थेतील मॉरी गॅसर याने १९७५ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी, मल्टिक्स यंत्रणेवर तोडगा काढला: उच्चारता येतील असे यादृच्छिक शब्द. त्याने वर्णांच्या जोड्यांचा तक्ता मांडला. कोणती जोडी शब्दारंभी चालते, कोणती फक्त शेवटी, कोणत्या जोडीमध्ये उच्चाराचा तुटक पडतो, हे सगळे त्यात नोंदले. १९९३ मध्ये हीच रीत अमेरिकेचे शासकीय प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. पीडब्ल्यूजेन त्याच कुळातले, पण साधे. मूळ ब्रँडन ऑलबरीचे. २००१ मध्ये थिओडोर त्सो याने ते नव्याने लिहिले. त्याच्या पोटात अवघ्या ४० ध्वनिघटकांचा तक्ता आहे. व्यंजनानंतर स्वर आलाच पाहिजे, स्वरानंतर बहुधा व्यंजन, क्वचित पुन्हा स्वर. मार्कोवच्या मोजणीचे हे ओबडधोबड पण ओळखू येणारे रूप आहे.

काही साधनांत हा साचा वापरणाऱ्यालाच लिहून देता येतो: व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून द्यायला नको. ही बाराखडीतली तीन घरे झाली. आणि हिशेब लगेच करून पाहता येतो. रोमन लिपीतले कोणतेही सहा वर्ण घेतले तर ३०,८९,१५,७७६ शब्द संभवतात. २१ व्यंजने आणि ५ स्वर वरच्या साच्यात घातले तर फक्त ११,५७,६२५. साच्याने शब्द जिभेवर आणला, आणि शोधणाऱ्याचे काम सुमारे २६७ पटींनी हलके केले.

छंदःशास्त्र शिकलेल्यांना यात ओळखीचे वाटेल. पिंगलाने लघु-गुरूंच्या सर्व शक्य रचनांचा प्रस्तार मांडला. आठ अक्षरांच्या चरणाचे २५६ प्रकार होतात. अमुक क्रमांकाची रचना कोणती हे काढणे म्हणजे 'नष्ट', आणि अमुक रचनेचा क्रमांक कोणता हे काढणे म्हणजे 'उद्दिष्ट'. परवलीचे शब्द फोडणारी आज्ञावली साच्यातील शब्द एकामागून एक क्रमाने तपासते, तेव्हा ती प्रस्तारच मांडत असते. वृत्त ठाऊक असलेल्याला विस्मरलेली ओळ भरून काढता येते ते याच कारणाने: तिथे काय बसणार नाही, हे त्याला आधीच कळलेले असते. पाठांतराला जे मदत करते तेच तर्काला मदत करते. कवितेत हा गुण आहे, कारण ती सगळ्यांची व्हावी अशी अपेक्षा असते. परवलीच्या शब्दाकडून अपेक्षा नेमकी उलट आहे.

म्हणून साचाच गुप्त ठेवावा काय? ऑगस्ट केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच सांगून ठेवले होते की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्डने काढलेल्या 'डाइसवेअर'मध्ये शब्दांची यादी उघड छापलेली असते. ७,७७६ शब्द, पाच फासे टाकावेत आणि त्या क्रमांकाचा शब्द घ्यावा, असे पाच-सहा वेळा करावे. साचा जगजाहीर, गुप्त आहे ते फक्त फाशांचे दान. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला निर्णायक मुद्दा हाच आहे. साचा असणे हा दोष नव्हे. साच्याच्या आत दैवाला किती जागा उरली आणि ते दैव खरेच निःपक्षपाती आहे का, हे पाहायचे असते. १९९४ मध्ये गणेशन आणि डेव्हिस यांनी गॅसरच्या पद्धतीवर बोट ठेवले ते इथेच. काही शब्द इतरांपेक्षा फार अधिक वेळा पडतात, तेव्हा पुष्कळ खात्यांपैकी एखादे तरी लवकर उघडते. ते शासकीय प्रमाण २०१५ मध्ये मागे घेण्यात आले. पीडब्ल्यूजेनच्या उच्चारसुलभ शब्दांतला असाच पक्षपात २०१३ मध्ये दोष म्हणून नोंदला गेला आहे. मॉरिस-टॉम्प्सन यांच्या लेखातली एक हकीकत तर अधिकच बोलकी. एका ठिकाणी यंत्र आठ वर्णांचे, अक्षरे-आकडे मिसळलेले शब्द देत असे. सगळे तपासायला ११२ वर्षे लागली असती. पण यादृच्छिक आकडे पाडणाऱ्या यंत्रणेच्या आरंभस्थिती केवळ ३२,७६८ होत्या, आणि फोडणाऱ्याला सुमारे एक मिनिट पुरले. तिथे डोळ्यांना साचा दिसतच नव्हता.

पडद्यावरच्या त्या १६० शब्दांकडे पुन्हा येऊ. इतके का दाखवायचे? पाठीमागून डोकावणाऱ्याला आपण कोणता घेतला ते कळू नये म्हणून, असा खुलासा आहे आणि तो पटतो. पण आपण घेतो कोणता? कानाला बरा वाटणारा, एखाद्या ओळखीच्या शब्दाजवळ जाणारा. यंत्राने बाहेर ठेवलेली अभिरुची तिथे मागच्या दाराने आत येते. आम्ही स्वतः काही वेळा हा खेळ करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी मराठी वळणाचा शब्दच उचलला.

हे वळण त्या ४० घटकांच्या तक्त्यात अर्थातच नाही. 'उच्चारता येणे' म्हणजे इंग्रजी तोंडाने उच्चारता येणे, असे तिथे धरलेले आहे. दोन जोड्यांवर शिक्का मारला आहे की त्या शब्दारंभी नकोत: 'एनजी' आणि 'जीएच'. पहिलीबद्दल मराठीची तक्रार नाही. 'ङ'ने आपलाही शब्द सुरू होत नाही. दुसरीवर मात्र घर, घाट, घागर, घोंगडी या सगळ्यांची हरकत आहे. मराठी कानासाठी असा तक्ता करायचा तर 'ण' आणि 'ळ' आरंभी वर्ज्य करावे लागतील, महाप्राणांना मोकळीक द्यावी लागेल, जोडाक्षरांपैकी कोणती सुरुवातीला चालतात ते एकेक तपासावे लागेल. चाळीस नोंदींत ते बसणार नाही.