भीतीने बांधलेलं घर: हेडा हॉपरची गोष्ट

१९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'चा शेवट आठवतोय? पाहिला नसेल तर आधी पाहून या, मी थांबतो. एका जुन्या नटीच्या बंगल्यात खून झालाय, घरभर पोलीस आहेत आणि त्याच नटीच्या बेडरूममधला फोन धरून एक बाई पेपरला बातमी देतेय. ही बाई पडद्यावर स्वतःचीच भूमिका करत होती. हेडा हॉपर.

खरं नाव एल्डा फरी. जन्म १८८५, पेनसिल्व्हेनियातल्या एका खाटकाच्या घरी. पळून न्यूयॉर्कला गेली, नाटकांच्या कोरसमध्ये नाचली आणि १९१३ मध्ये डीवुल्फ हॉपर या नटाशी लग्न केलं. तो २७ वर्षांनी मोठा, आणि ही त्याची पाचवी बायको! आधीच्या चौघी एला, आयडा, एडना, नेला. त्यात ही एल्डा. नवरा नावांत गोंधळ घालायचा, म्हणून अंकशास्त्रवाल्याला विचारून 'हेडा' झाली. १९२२ ला घटस्फोट झाला, नाव मात्र राहिलं.

सिनेमे शंभराच्या वर केले, पण बहुतेक सगळे छोटे रोल. पन्नाशी आली तशी कामं आटली. मग १९३८ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये तिचा कॉलम सुरू झाला आणि बाईंचं नशीबच फिरलं.

आता एवढी ताकद आली कुठून? तेव्हा नटनट्या स्टुडिओशी वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेले असायचे, आणि त्यात वर्तनाचं कलम असायचं. अफेअर छापून आलं की करार धोक्यात! वर कॉलम म्हणजे फुकटची जाहिरात, त्यामुळे स्टुडिओवालेही तिला दुखवायचे नाहीत. बेव्हर्ली हिल्समधल्या आपल्या घराला ती स्वतःच 'भीतीने बांधलेलं घर' म्हणायची. कसली प्रामाणिक बाई, नाही?

तिची स्पर्धक लुएला पार्सन्स ही विल्यम हर्स्टच्या पेपरांत लिहायची. १९४१ च्या सुरुवातीला हेडाने 'सिटिझन केन' आधीच पाहिला, आणि हा तर हर्स्टवरच बेतलाय हे त्याच्यापर्यंत पोचवलं. लुएलाला पत्ताच नाही! हर्स्ट असा भडकला की त्याच्या पेपरांत त्या सिनेमाची जाहिरातसुद्धा छापेनात.

इथवर गंमत वाटते. जोन बेनेट या नटीने वैतागून हिला चक्क जिवंत स्कंक पाठवला होता, तो घाण वास सोडणारा प्राणी! पण पुढचं ऐकताना हसू येत नाही. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांची कामं बंद करणाऱ्या काळ्या यादीची ती खंदी समर्थक होती. चॅप्लिनच्या मागे ती वर्षानुवर्षं लागली होती. १९५२ मध्ये तो परदेशी निघाल्यावर अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. डाल्टन ट्रम्बोसारखा पटकथाकार तुरुंगात गेला आणि सुटल्यावर दुसऱ्यांच्या नावाने लिहीत राहिला. 'रोमन हॉलिडे' त्याचाच, पण तेव्हा ऑस्कर गेलं दुसऱ्याच्या नावावर. नटी म्हणून मागे पडलेल्या, कामाची वाट पाहण्यातली लाचारी स्वतः भोगलेल्या बाईने हे करावं, हे मला तरी पचत नाही.

२०१५ च्या 'ट्रम्बो'मध्ये हेलन मिरनने तिची भूमिका केलीय, टोप्यांसकट. हो, टोप्या राहिल्याच! मोठमोठ्या, पिसाफुलांच्या टोप्या ही तिची ओळख होती.

१ फेब्रुवारी १९६६ ला हेडा वारली. पुढच्याच महिन्यात 'द ऑस्कर' नावाचा सिनेमा लागला. त्यात ती आहे, छोट्याशा रोलमध्ये. पुन्हा हेडा हॉपर म्हणूनच.